जुन्या लॅन कार्डाला जुळणारा ड्रायव्हर शोधण्याची पद्धत

जुन्या संगणकावर विंडोज नव्याने टाकले की डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'इथरनेट कंट्रोलर' या ओळीपुढे, म्हणजे संगणकाला केबलने जाळ्याशी जोडणाऱ्या लॅन कार्डापुढे, पिवळे चिन्ह उमटते. कार्ड आणि विंडोज यांचा संवाद घडवणारे सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर; त्याची सीडी कधीच हरवलेली असते, आणि ड्रायव्हर उतरवून घेण्यासाठी लागणारे इंटरनेट नेमके त्याच कार्डावर अवलंबून असते. छापखान्यातल्या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरचे डाँगल (परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण) पॅरलल पोर्टलाच बसते म्हणून, कारखान्यातले एखादे यंत्र त्याच संगणकावरून चालते म्हणून, किंवा कित्येक वर्षांचे हिशेब त्यातच पडून आहेत म्हणून असे संगणक अजूनही जागोजाग टिकून आहेत. त्यांना निदान घरच्या किंवा कार्यालयाच्या जाळ्यात आणता आले, तरी फायली बाहेर काढण्याची मोठी सोय होते.

अशा वेळी बहुतेक जण कार्डाच्या खोक्यावरचे नाव शोधयंत्रात टाकतात. त्यातून हाती लागतात ती 'सर्व ड्रायव्हर आपोआप अद्ययावत करा' असे सांगणारी सॉफ्टवेअरे, ज्यांच्यापासून दूर राहिलेलेच बरे. ड्रायव्हर खोक्यावरच्या नावाला जुळत नाही. तो कार्डावरच्या मुख्य चिपला आणि संगणकावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, अशा दोघांना एकाच वेळी जुळावा लागतो. म्हणून आधी चिप ओळखायची, मग ऑपरेटिंग सिस्टिम ठरवायची आणि त्यानंतरच फाइल शोधायची. उदाहरण म्हणून या लेखात प्रामुख्याने रियलटेक ८१३९ ही चिप घेतली आहे, कारण १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे कित्येक वर्षे आपल्याकडच्या असेंबल्ड संगणकांत जी स्वस्त पीसीआय (मदरबोर्डवरच्या स्लॉटचा एक प्रकार) कार्डे बसवली गेली, त्यांतल्या पुष्कळ कार्डांवर हीच चिप होती. लेखातल्या आज्ञा, क्रमांक आणि फायलींची नावे देवनागरीत दिली आहेत. ती टंकताना त्यांची रोमन अक्षरे एकेक करून घ्यावीत, आणि लिनक्सच्या आज्ञांत ती लहान लिपीतलीच असावीत.

कार्ड हातात घेऊन पाहणे

संगणक बंद करून विजेची वायर भिंतीतून काढावी, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी आणि कार्ड कडांना धरून बाहेर काढावे. लांब काळ्या स्लॉटमधून निघाले तर ते आयएसए कार्ड आहे आणि आखूड पांढऱ्या स्लॉटमधून निघाले तर पीसीआय. हा फरक पुढे फार उपयोगी पडतो, कारण पीसीआय कार्ड आपली ओळख स्वतःच सांगते, तर जुने आयएसए कार्ड ती सांगत नाही.

कार्डावरची सर्वांत मोठी चौकोनी चिप हीच मुख्य चिप. तिच्यावर खेकड्याचे चिन्ह आणि आरटीएल ही अक्षरे असतील तर ती रियलटेकची. त्यापुढचा क्रमांक अक्षरासह जसाच्या तसा लिहून घ्यावा. ८१३९डी आणि ८१३९सी-प्लस यांतल्या शेवटच्या अक्षरालाही अर्थ आहे, तो पुढे लिनक्सच्या संदर्भात येईल. केबलच्या सॉकेटजवळचा काळा आयताकृती ठोकळा हा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि त्यावरचा क्रमांक चिपचा समजून तासन् तास शोध घेणारे लोक मी पाहिले आहेत. रिकामा लांबट सॉकेट दिसला तर तो बूट रॉमसाठी असतो. त्याचा आपल्याला काही उपयोग नाही.

नावावर विसंबणे किती फसवे आहे, याचे ठळक उदाहरण डी-लिंकच्या कार्डांचे आहे. डीएफई-५३०टीएक्स या कार्डावर व्हियाची ऱ्हाइन चिप होती, तर नावात केवळ एक अधिकचिन्ह वाढलेल्या डीएफई-५३०टीएक्स-प्लस या कार्डावर रियलटेक ८१३९ होती. दोन्ही खोकी दुकानात शेजारी ठेवली तर फरक पटकन लक्षात येणार नाही, पण एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला मुळीच चालत नाही.

क्रमांकावरून ओळख

कार्ड उघडण्याची तयारी नसेल, किंवा चिपवरची छपाई पुसट झाली असेल, तरी पीसीआय कार्डाकडून ओळख काढून घेता येते. प्रत्येक पीसीआय उपकरणात उत्पादकाचा एक आणि उपकरणाचा एक असे दोन क्रमांक कोरलेले असतात. हे क्रमांक षोडशमान पद्धतीतले, म्हणजे अंकांबरोबर ए ते एफ ही अक्षरेही वापरणारे, प्रत्येकी चार स्थानांचे असतात. रियलटेकचा क्रमांक १०ईसी आहे आणि आपल्या चिपचा ८१३९.

विंडोज एक्सपीमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून पिवळ्या चिन्हाच्या ओळीवर दोनदा क्लिक करावे आणि 'डीटेल्स' या टॅबवर जावे. तिथे 'पीसीआय\व्हीईएन_१०ईसी&डीईव्ही_८१३९' अशी सुरुवात असलेली लांबलचक ओळ दिसते. व्हीईएनपुढची चार स्थाने उत्पादकाची आणि डीईव्हीपुढची चार उपकरणाची. त्यानंतर येणारा सबसिस्टिमचा भाग कार्ड कोणत्या कंपनीने जुळवले ते सांगतो. बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही. मात्र काही कार्डविक्रेते आपलाच उत्पादक-क्रमांक कोरतात. डी-लिंकच्या ८१३९ चिप असलेल्या काही कार्डांवर १०ईसी-८१३९ऐवजी ११८६-१३०० हा जोड सापडतो, आणि तेव्हा रियलटेकचा मूळ ड्रायव्हर ते कार्ड आपले मानेलच असे नाही.

विंडोज ९८मध्ये 'डीटेल्स' हा टॅबच नाही. तिथे दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे संगणक सुरू होताना बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, जी तक्ता-वजा यादी क्षणभर दाखवते, ती पॉज की दाबून थांबवायची. अवॉर्ड बायोसच्या अनेक संगणकांत त्या यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' ही ओळ, तिचे दोन्ही क्रमांक आणि तिला मिळालेला आयआरक्यू (प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी उपकरणाला दिलेला क्रमांक) छापलेला असतो. दुसरी वाट म्हणजे सीडीवरून चालणारे एखादे लिनक्स सुरू करून 'एलएसपीसीआय -एनएन' ही आज्ञा द्यायची; चौकटी कंसात उत्पादक आणि उपकरण यांचे क्रमांक लगेच मिळतात. ही दुसरी वाट मला अधिक आवडते, कारण तेच लिनक्स जाळ्याला जोडले गेले तर कार्ड जिवंत आहे, ही खात्रीही त्याच दमात होते. ड्रायव्हर शोधण्यात आठवडा घालवल्यावर कार्डच जळालेले आहे असे कळणे फार क्लेशदायक असते.

नेहमी भेटणारे आणखी काही जोड असे: ८०८६-१२२९ असेल तर इंटेल प्रो/१००, १०बी७-९२०० असेल तर थ्रीकॉम ३सी९०५सी, ११०६-३०६५ असेल तर व्हिया ऱ्हाइन-२, १०३९-०९०० असेल तर सिस ९००, १०२२-२००० असेल तर एएमडी पीसीनेट, आणि १०ईसी-८०२९ असेल तर एनई२००० या जुन्या मानकाशी जुळणारे रियलटेकचे १० मेगाबिटचे कार्ड.

आयएसए कार्डाच्या बाबतीत चिपवरचे अक्षर आणि कार्डावरचे जंपर (पिनांवर बसवून मांडणी ठरवणाऱ्या छोट्या टोप्या) हेच आधार. नोव्हेलने १९८०च्या दशकात आणलेल्या एनई२००० कार्डाची इतक्या कंपन्यांनी नक्कल केली की निनावी आयएसए कार्ड हाती आले, तर पहिला प्रयोग एनई२०००चा ड्रायव्हर लावून करावा. त्यासाठी पोर्टचा पत्ता आणि आयआरक्यू हे दोन आकडे ठाऊक असावे लागतात; पत्ता षोडशमान ३०० हा नेहमीचा. थ्रीकॉमच्या ३सी५०९ कार्डावर मात्र जंपर नसतात. त्याचे आकडे, आणि गोल बीएनसी, पंधरा पिनांचे एयूआय किंवा आजचे आरजे-४५ यांपैकी कोणते सॉकेट चालू ठेवायचे हेही, डॉसमधून चालणाऱ्या त्याच्या स्वतंत्र प्रोग्रामने ठरवावे लागते. ड्रायव्हर व्यवस्थित बसला, पण केबलला प्रतिसाद नाही, असे या कार्डाबाबत झाले तर आधी हीच निवड तपासावी.

ऑपरेटिंग सिस्टिमची बाजू

विंडोजमध्ये नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आणि उरलेली सिस्टिम यांच्यातला करार एनडीआयएस या नावाने ओळखला जातो, आणि त्याच्या आवृत्त्या विंडोजबरोबर बदलत गेल्या. एक्सपीमध्ये ५.१ होती आणि व्हिस्टापासून ६ मालिका सुरू झाली. त्यामुळे व्हिस्टा किंवा विंडोज ७साठी लिहिलेला ड्रायव्हर एक्सपीवर चालत नाही. शिवाय ६४-बिट विंडोजला ६४-बिटचाच ड्रायव्हर लागतो, आणि व्हिस्टापासून पुढे त्यावर डिजिटल स्वाक्षरीही असावी लागते. ज्या चिपसाठी उत्पादकाने ६४-बिट ड्रायव्हर कधी लिहिलाच नाही, तिच्यासाठी तो शोधत बसण्यात अर्थ नाही; तिथे ३२-बिट विंडोज घ्यावे किंवा लिनक्सकडे वळावे.

शोध सुरू करण्यापूर्वी विंडोजच्या स्वतःच्या साठ्यात काय आहे तेही पाहावे. एक्सपीच्या सीडीवर रियलटेक ८१३९, थ्रीकॉम ३सी९०५ आणि इंटेल प्रो/१०० या तिन्ही घराण्यांचे ड्रायव्हर आधीपासून आहेत. त्यामुळे एक्सपीवर यांपैकी एखादे कार्ड ओळखले जात नसेल, तर दोष बहुधा ड्रायव्हरच्या अभावाचा नसून कार्ड स्लॉटमध्ये नीट न बसल्याचा किंवा स्लॉटमधल्या धुळीचा असतो. साध्या खोडरबराने कार्डाचे सोनेरी संपर्क पुसून ते शेजारच्या स्लॉटमध्ये लावून पाहावे. स्लॉट बदलल्याने आयआरक्यूही बदलतो, आणि साउंड कार्डाशी होणारे भांडण कित्येकदा त्यानेच मिटते.

फाइल मिळाल्यावर तिची परीक्षा

ड्रायव्हर पहिल्यांदा चिप बनवणाऱ्या कंपनीकडे शोधावा, नंतर कार्डविक्रेत्या कंपनीकडे. जुन्या कार्डांच्या बाबतीत ही वाट अनेकदा बंद झालेली असते. थ्रीकॉम ही कंपनी २०१०मध्ये एचपीने विकत घेतली, आणि इतर कंपन्यांनीही जुन्या फायली आपल्या संकेतस्थळांवरून हळूहळू काढून टाकल्या. अशा वेळी इंटरनेट आर्काइव्हवर जतन झालेल्या मूळ ड्रायव्हर-सीडींच्या प्रतिमा हा त्यातल्या त्यात भरवशाचा आधार आहे.

फाइल कुठूनही आली असली, तरी ती चालवण्याआधी वाचून पाहता येते. ड्रायव्हर एक्झी स्वरूपात असेल तर ती फाइल थेट न चालवता सेव्हन-झिपने उलगडावी. आत '.आयएनएफ' शेवट असलेली फाइल सापडते. ती साधा मजकूर असल्याने नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात आपला 'व्हीईएन_१०ईसी&डीईव्ही_८१३९' हा तुकडा शोधावा. तो सापडला तर ड्रायव्हर आपल्या कार्डाला आपले म्हणतो. सापडला नाही, तर विंडोज ती फाइल 'जुळत नाही' म्हणून नाकारणार हे आधीच कळते. त्याच फाइलच्या वरच्या भागात 'सिग्नेचर' ही ओळ असते. तिथे 'शिकागो' हा शब्द असेल तर ती विंडोज ९५ व ९८ यांनाही धरून लिहिलेली असू शकते, आणि 'विंडोज एनटी' असेल तर एनटी घराण्यासाठी, म्हणजे २०००, एक्सपी आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी. ६४-बिटसाठी लिहिलेल्या विभागांच्या नावांना 'एनटीएएमडी६४' हे शेपूट जोडलेले असते. इंटेल प्रोसेसर असला तरी नाव एएमडीचेच, त्याने गोंधळू नये. 'ड्रायव्हरव्हर' या ओळीत तारीख आणि आवृत्ती मिळते. या चार ओळी वाचायला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि एकामागून एक अनोळखी इन्स्टॉलर चालवून संगणक बिघडवण्याचा धोका त्यांनी टळतो.

आणखी एक खबरदारी घेता येते. व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमधला आभासी संगणक एएमडी पीसीनेट आणि इंटेल प्रो/१००० या कार्डांचे सोंग घेऊ शकतो, तर क्यूएमू हे तशाच प्रकारचे सॉफ्टवेअर आपल्या ८१३९चे आणि पीसीआय एनई२०००चेही. म्हणजे नव्या संगणकावर आभासी विंडोज ९८ किंवा एक्सपी उभे करून ड्रायव्हरची रंगीत तालीम करता येते.

फायली जुन्या संगणकावर नेताना विंडोज ९८ला पेन ड्राइव्ह आपोआप ओळखता येत नाही, हे लक्षात ठेवून त्या सीडीवर लिहाव्यात. शिवाय ९८ नेटवर्कचे घटक बसवताना मूळ सीडी पुन्हा पुन्हा मागते, म्हणून सीडीवरचा 'विन९८' हा फोल्डर आधीच हार्ड डिस्कवर उतरवून ठेवावा.

प्रत्यक्ष बसवणे

एक्सपीमध्ये पिवळ्या चिन्हाच्या ओळीवर राइट क्लिक करून 'अपडेट ड्रायव्हर' निवडावे, विंडोज अपडेटशी जोडण्याच्या प्रश्नाला नकार द्यावा आणि 'यादीतून किंवा विशिष्ट ठिकाणाहून' हा पर्याय घेऊन आयएनएफ फाइल असलेला फोल्डर दाखवावा. 'हॅव डिस्क' या बटणातून न जुळणारा ड्रायव्हर बळजबरीने लादता येतो, परंतु निळ्या पडद्याचे ते खात्रीशीर आमंत्रण असते. मदरबोर्डवर आधीच लॅन असेल आणि ते वापरायचे नसेल, तर बायोसमधून ते बंद करावे.

लिनक्समध्ये बहुतेक वेळा काहीच बसवावे लागत नाही, कारण ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबरच, येतात. 'एलएसपीसीआय -के' ही आज्ञा दिली की कार्डाच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' या ओळीत ड्रायव्हरचे नाव दिसते. रियलटेक ८१३९साठी ते '८१३९टू' असते (यातला 'टू' टी, ओ, ओ असा लिहायचा), मात्र सी-प्लस चिपसाठी '८१३९सीपी'. थ्रीकॉमच्या पीसीआय कार्डांसाठी '३सी५९एक्स', इंटेल प्रो/१००साठी 'ई१००', व्हियासाठी 'व्हिया-ऱ्हाइन' आणि रियलटेक ८०२९साठी 'एनई२के-पीसीआय'. ही ओळ दिसलीच नाही, तर 'मॉडप्रोब'पुढे ड्रायव्हरचे नाव देऊन तो हाताने चढवावा आणि 'डीमेसेज' या आज्ञेच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात. आज्ञा डी, एम, ई, एस, जी या पाच अक्षरांनी लिहितात. खरी अडचण येते ती लिनक्सच्या आवृत्तीची. २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ३२-बिट संगणकांसाठीचे कर्नल आणि इन्स्टॉलर नाहीत. त्यामुळे पेंटियम ३ किंवा सुरुवातीच्या पेंटियम ४वर डेबियन १२, अथवा जुन्या यंत्रांचा मुद्दाम विचार करणारे अँटीएक्स यांसारखी वितरणे घ्यावी लागतात.

डॉसची रीत वेगळी आहे. तिथे कार्डासाठी 'पॅकेट ड्रायव्हर' नावाचा छोटा प्रोग्राम स्मृतीत बसतो आणि इतर प्रोग्राम त्याच्याशी एका ठरलेल्या इंटरप्टवरून (प्रोग्रामला हाक मारण्याच्या क्रमांकावरून) बोलतात. 'क्रिनवर' या नावाचा पॅकेट ड्रायव्हरांचा जुना संग्रह यासाठी प्रसिद्ध आहे. एनई२००० कार्ड आयआरक्यू ३ आणि पत्ता ३००वर असेल, तर आज्ञा 'एनई२००० ०एक्स६० ३ ०एक्स३००' अशी होते. पहिला आकडा इंटरप्टचा, दुसरा आयआरक्यूचा आणि तिसरा पत्त्याचा. त्यानंतर एमटीसीपी हा डॉससाठीच्या नेटवर्क-प्रोग्रामांचा संच घेतला, की त्याच्या मांडणीच्या फाइलमध्ये तोच ६० हा इंटरप्ट नोंदवून डीएचसीपी (पत्ता आपोआप मिळवणे), एफटीपी (फायली पाठवणे) आणि पिंग (जोडणी तपासणे) डॉसमध्ये चालू होतात. फायली बाहेर काढण्यासाठी यापेक्षा हलके साधन माझ्या पाहण्यात नाही.

जोडणी तपासणे

सर्वप्रथम कार्डामागचा दिवा पाहावा. तो लागत नसेल तर दोष केबलचा, स्विचचा किंवा वेगाचा आहे; १० मेगाबिटचे जुने कार्ड काही नव्या वेगवान स्विचांच्या पोर्टांवर जोडलेच जात नाही, तेव्हा मध्ये एखादा जुना १०/१०० स्विच ठेवावा. दिवा लागला असेल तर एक्सपीत 'आयपीकॉन्फिग' आणि ९८मध्ये 'विनआयपीसीएफजी' चालवावे. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पत्ता मिळाल्यावर आधी राउटरला, मग बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला आणि शेवटी संकेतस्थळाच्या नावाला पिंग करावे. ज्या पायरीवर उत्तर थांबते, तिथेच दोष असतो. जोडणी होते पण फायली अतिशय सावकाश जातात, असे असेल तर कार्डाच्या प्रगत मांडणीत डुप्लेक्स (माहिती एकाच वेळी दोन्ही दिशांनी जावी की आळीपाळीने, ही निवड) 'ऑटो'वर आहे का, ते पाहावे. एका टोकाला ऑटो आणि दुसऱ्या टोकाला फुल डुप्लेक्स असले की असेच होते.

पिंग उत्तम चालते आणि तरीही संकेतस्थळे उघडत नाहीत, या टप्प्यावर अनेक जण पुन्हा ड्रायव्हर बदलायला लागतात. ते व्यर्थ आहे. आजची संकेतस्थळे टीएलएस १.२ किंवा त्यापुढची सुरक्षित जोडणी मागतात, आणि एक्सपीतल्या इंटरनेट एक्सप्लोररला ती येत नाही. मदरबोर्डवरची बॅटरी संपून तारीख मागे गेली असेल, तर प्रमाणपत्रेही अवैध ठरतात. तसेच एक्सपी आणि ९८ ज्या एसएमबी-१ पद्धतीने फोल्डर शेअर करतात, ती विंडोज १०च्या २०१७मधल्या १७०९ या आवृत्तीपासून नव्याने बसवताना मुळातच वगळलेली असते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने याच पद्धतीतल्या दोषावरून जगभर धुमाकूळ घातला होता. ती नव्या संगणकावर पुन्हा चालू करण्यापेक्षा त्यावर एफटीपी सर्व्हर चालवून जुन्या संगणकातून फायली तिकडे ढकलणे अधिक सुरक्षित ठरते. एक्सपीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले आहे, त्यामुळे काम नसताना केबल काढून ठेवावी.

जुने वाय-फाय कार्ड असेल, तर ड्रायव्हरच्या जोडीला डब्ल्यूपीए-२ या वाय-फायच्या सुरक्षा-पद्धतीचा प्रश्न येतो. एक्सपीत ती सोय सर्व्हिस पॅक ३मध्ये अंतर्भूत आहे, पण कार्डाचा ड्रायव्हरही तिला साथ देणारा हवा. या खटाटोपापेक्षा एखादा जुना राउटर 'क्लायंट' किंवा 'ब्रिज' पद्धतीत लावून त्याच्यापासून संगणकापर्यंत साधी लॅन केबल टाकावी. वाय-फायची सगळी जबाबदारी राउटर घेतो, आणि संगणकाला केवळ इथरनेट दिसते.

एवढे करूनही कार्ड दाद देत नसेल, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात सुट्या भागांच्या खोक्यात हात घालावा. एक्सपी किंवा लिनक्ससाठी इंटेल प्रो/१०० मिळाले तर ते आधी उचलावे, नाहीतर ८१३९ घ्यावे. विकत घेण्यापूर्वी चिपवरचा क्रमांक वाचावा, स्टिकरवरचा नव्हे. कार्ड चालू झाल्यावर त्या ड्रायव्हरचा फोल्डर सीडीवर लिहून, सीडीवर व्हीईएन व डीईव्ही यांचे क्रमांक आणि विंडोजची आवृत्ती मार्करने नोंदवून, पाकिटासह ती कॅबिनेटच्या बाजूला बाहेरून चिकटवून ठेवावी.